रासायनिक पृथक्करणाचा अहवाल : पदावरील विश्वासापासून अधिस्वीकृतीपर्यंत

ठाणे खाडीच्या पूर्वतीरावरील घणसोली गाव आज नवी मुंबईत मोडते. इलाख्याच्या राजवटीत अशा गावी संशयास्पद मृत्यू घडल्यास मृताचे जठर, यकृत इत्यादी अवयव मोहोरबंद बाटलीतून मुंबईस जावयाचे. त्यांत विष आहे की नाही हे ठरविणारा रसायनज्ञ आरोपीच्या दृष्टीसही पडत नसे. या दूरस्थ माणसाच्या शब्दावर न्यायालयाने कोणत्या आधारे विसंबावे, हा या विषयाच्या इतिहासातील मूळ प्रश्न होय.

मद्रास (१८४९), कलकत्ता (१८५३) व आग्रा (१८६४) यांच्यामागून १८७० मध्ये मुंबईस सरकारी रासायनिक पृथक्करणकाराची प्रयोगशाळा निघाली. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक आय. बी. लायन हे दीर्घकाळ या पदावर होते. न्यायवैद्यकावरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ याच अनुभवातून उतरला. सोमल ओळखण्याची मार्श यांची कसोटी १८३६ पासून उपलब्ध होती. तेव्हा उणीव रसायनशास्त्रात नव्हती.

ती कोठे होती, हे बडोद्याच्या प्रकरणात दिसते. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी रेसिडेंट कर्नल फेअर यांनी सरबताचे दोनतीन घोट घेऊन उरलेले टाकून दिले. पेल्याच्या तळाशी राहिलेला गाळ प्रथम रेसिडेन्सीचेच डॉक्टर सीवर्ड यांनी तपासला व नंतर मुंबईस डॉ. ग्रे यांजकडे पाठविला. सोमलाविषयी दोघांचे एकमत झाले. चकाकणाऱ्या कणांचे स्वरूप मात्र तितक्या निश्चयाने ठरले नाही. फिर्यादी पक्षाच्याच वैद्याने मुद्देमाल आधी हाताळावा, ही गोष्ट आजच्या कोणत्याही परीक्षकास खटकेल. १८७५ च्या चौकशी आयोगातील तिघा इंग्रज सदस्यांनी मल्हारराव गायकवाडांस दोषी मानले. शिंदे सरकार, जयपूर नरेश व सर दिनकरराव यांनी आरोप सिद्ध झाल्याचे मानले नाही. मल्हारराव पदच्युत झाले ते झालेच.

कायद्याने मात्र पदावरील विश्वासच कायम ठेवला. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५१० अन्वये पृथक्करणकारास साक्षीस न बोलाविताही त्याचा अहवाल पुराव्यात घेता येई. १९५५ च्या दुरुस्तीने आरोपीने मागणी केल्यास त्यास बोलाविणे न्यायालयावर बंधनकारक झाले; १९७३ च्या संहितेत (कलम २९३) ते बंधन पुन्हा गळाले आणि गोष्ट न्यायालयाच्या इच्छेवर राहिली. २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३२९ त्याच वळणाचे आहे. त्यातील यादी पदनामांची आहे. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालकही तीत अद्याप विराजमान आहेत. प्रयोगशाळेच्या अधिस्वीकृतीचा उल्लेख तीत नाही.

अधिस्वीकृतीचा विचार याच्या नेमका उलट आहे. आय.एस.ओ. १७०२५ हे मानक १९९९ मध्ये आले व २०१७ मध्ये सुधारले गेले. त्यात पदास महत्त्व नाही. पद्धत पडताळलेली आहे काय, उपकरणांचे अंशशोधन झाले आहे काय, मापनातील अनिश्चितता नोंदविली आहे काय, हे तपासले जाते. भारतात एन.ए.बी.एल. हे मंडळ त्यानुसार अधिस्वीकृती देते. तीही सरसकट प्रयोगशाळेस मिळत नाही, नेमून दिलेल्या परीक्षणांपुरतीच मिळते. ही बारीक गोष्ट न्यायालयात सहज विसरली जाते.

तथापि मुद्देमाल प्रयोगशाळेच्या दाराशी पोहोचण्यापूर्वी ज्या हातांतून जातो, ते हात या मानकाच्या कक्षेत क्वचितच येतात. बडोद्याचा गाळ असो वा घणसोलीची बाटली, संशयाची जागा तीच राहते. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या संहितेच्या कलम १७६(३) ने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसाहाय्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणे आवश्यक केले असून, त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत दिली आहे.