एक आडनांव, दोन लेखण्या



आपल्याकडे कुळकर्णी, देशपांडे, चिटणीस, फडणीस हीं आडनांवें मूळचीं हुद्द्यांचीं नांवें होत. वतन गेलें, दप्तर गेलें, पुष्कळांच्या हातची लेखणीही गेली. पण हुद्दा मात्र आडनांव होऊन घराण्याला चिकटून राहिला. चीन देशांतही असेंच एक आडनांव आहे, आणि आज त्याविषयींच चार शब्द सांगावयाचे आहेत. तें आडनांव 'सिमा'. आपल्या 'सीमा' या शब्दाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. 'सि' म्हणजे कारभार पाहणारा आणि 'मा' म्हणजे घोडा. प्राचीन चौ राजांच्या काळीं सैन्याची व्यवस्था पाहणाऱ्या मंत्र्यास ही संज्ञा होती. चिनी आडनांवें बहुधा एकाक्षरी असतात. ली, वांग, चांग अशीं. सिमा हें थोड्या द्व्यक्षरी आडनांवांपैकीं एक. शिवाय तिकडे आडनांव आधीं आणि व्यक्तीचें नांव मागाहून येतें, हेंही ध्यानीं असूं द्यावें.

एका आडनांवाचीं सारीं माणसें एका रक्ताचीं असतात असें नाहीं. आणि एका रक्ताचीं असलीं तरी एका वृत्तीचीं असतात असें तर मुळींच नाहीं. पण सिमा या नांवाच्या बाबतींत एक योगायोग विलक्षण आहे. चीनच्या दोन सर्वश्रेष्ठ इतिहासकारांचें आडनांव हेंच होतें. आणि त्या दोघांच्या दरम्यान कपटानें सिंहासन बळकावणारें जें एक राजघराणें होऊन गेलें, त्याचेंही आडनांव हेंच. खरें लिहिण्याची किंमत किती द्यावी लागते, आणि तें खरें आपल्याच नांवाला काळिमा लावणारें असेल तर लेखणी काय करते, हे दोन प्रश्न या एका आडनांवाच्या कथेंत आपल्यापुढें उभे राहतात.

पहिला इतिहासकार सिमा छ्येन. आपले पूर्वज अतिप्राचीन काळीं आकाशाच्या आणि पृथ्वीच्या नोंदी ठेवीत, पुढें चौ राजा श्वान याच्या वेळीं तें काम सुटलें आणि घराण्यास सिमा हें नांव पडलें, असें त्यानेंच लिहून ठेविलें आहे. त्याचा बाप सिमा थान हा हान घराण्यांतील सम्राट् वू याच्या दरबारीं पंचांग, ग्रहगणित आणि दप्तर यांचा अधिकारी होता. आरंभापासून आपल्या काळापर्यंतचा सलग इतिहास लिहावा, ही त्याची आकांक्षा. इ. स. पूर्वीं ११० या वर्षीं सम्राट् थाई पर्वतावर महायज्ञ करण्यास निघाला. थानला मात्र वाटेंतच मागें राहावें लागलें, आणि त्या दुःखानें तो अंथरुणास खिळला. नैर्ऋत्येकडील मोहिमेवरून परतलेल्या मुलाचा हात हातीं घेऊन तो रडला. आपलें अपुरें राहिलेलें काम पुरें करण्याविषयीं त्यानें मुलास निक्षून सांगितलें, आणि प्राण सोडला. दोन वर्षांनीं छ्येनला बापाची जागा मिळाली व बापाचें कामही त्यानें शिरावर घेतलें.

पुढें इ. स. पूर्वीं ९९ मध्यें ली लिंग नांवाचा सेनापति पांच हजारांच्या आंतबाहेर पायदळ घेऊन उत्तरेच्या मैदानांत शियुंगनू टोळ्यांवर चालून गेला. शत्रूची संख्या कितीतरी पटींनीं अधिक होती. बाण संपेपर्यंत तो लढला, कुमक आली नाहीं, आणि अखेर तो शरण गेला. बातमी येतांच सम्राट् संतापला, आणि कालपर्यंत ली लिंगची स्तुति करणारे दरबारी त्याचे दोष सांगूं लागले. छ्येनची त्याच्याशीं फारशी मैत्रीही नव्हती; पण सम्राटानें विचारल्यावरून त्यानें जें वाटलें तें सांगितलें. हा माणूस शूर आहे, त्यानें केलेला पराक्रम पराभवानें पुसला जात नाहीं, असा त्याच्या बोलण्याचा भाव होता. या बोलण्याबद्दल सम्राटाची दिशाभूल केल्याचा आरोप येऊन त्यास देहदंड ठरला.

दंड भरून सुटका करून घेण्याची वाट होती, पण घरीं तेवढा पैसा नव्हता. आणि पदराचें मोडून सोडविणारा मित्र कोणी पुढें आला नाहीं. उरला एक पर्याय, पौरुषच्छेदाचा. त्या काळच्या कुलीन माणसाच्या दृष्टीनें तो मृत्यूहून हीन होता; असा प्रसंग आलाच तर माणसानें स्वतःच जीव द्यावा, हीच जनरीत होती. छ्येननें जीव दिला नाहीं. पुढें एका परिचितास लिहिलेल्या पत्रांत त्यानें याचें कारण सांगितलें आहे. मरण कोणास चुकलें नाहीं, पण एका मरणाला अर्थ असतो आणि दुसऱ्याला नसतो. ग्रंथ अपुरा टाकून मेलों तर माझें मरण अर्थहीन ठरेल, असा त्याचा विचार. ती अप्रतिष्ठा आठवली म्हणजे अंगाला दरदरून घाम फुटतो, असेंही तो त्याच पत्रांत कबूल करतो. ज्यानें त्यास ही शिक्षा दिली त्याच सम्राटाच्या महालांत नोकरी करीत त्यानें ग्रंथ पुरा केला.

त्या ग्रंथाचीं प्रकरणें १३०, अक्षरें पांच लाखांहून अधिक. राजांचीं चरित्रें त्यांत आहेतच. पण व्यापारी, मारेकरी, विदूषक, वैद्य यांनाही त्यांत जागा मिळाली आहे. छंगतू येथील कवि सिमा श्यांगरू याचें चरित्रही त्यांत येतें. एका धनिकाची विधवा कन्या त्याच्याबरोबर रात्रीं घर सोडून निघून गेली, आणि पुढें दोघांनीं मिळून मद्याचें दुकान चालविलें, ही हकीगत छ्येननें कांहींएक न झांकतां दिली आहे. आडनांव एकच, म्हणून त्यास त्यानें देव्हाऱ्यांत बसविलें नाहीं. खुद्द सम्राट् वू अमरत्वाच्या लोभानें मांत्रिकांच्या नादीं कसा लागला, तेंही त्यानें शांतपणें नमूद केलें. ग्रंथाची एक प्रत राजधानींत आणि एक पर्वतांत जपून ठेवण्याची त्याची योजना होती. त्याच्या मुलीच्या मुलानें तो ग्रंथ पुढें लोकांसमोर आणला.

यानंतर तीनशेंहून अधिक वर्षें लोटलीं. हान साम्राज्य मोडून चीनचीं तीन राज्यें झालीं. त्यांतील वेइ राज्यांत सिमा यी नांवाचा अत्यंत धूर्त सेनापति होता. तो आजाराचें सोंग घेऊन घरीं पडून राहिला, आणि प्रतिस्पर्धी बेसावध झालेला पाहून इ. स. २४९ मध्यें त्यानें राजधानी ताब्यांत घेतली. कारभारी त्साओ श्वांग यास त्यानें लो नदीची शपथ वाहून अभय दिलें. तो शरण येतांच त्याच्या सगळ्या कुळाचा संहार केला. पुढें यीचा मुलगा सिमा चाओ सर्वसत्ताधीश झाला. विशीच्या आंतला राजा त्साओ माओ यास हें सहन होईना. इ. स. २६० मध्यें तो स्वतः तलवार घेऊन, महालांतील मूठभर नोकर बरोबर घेऊन चालून निघाला, आणि भर रस्त्यांत भाल्यानें मारला गेला. कोणाचा कुटिल हेतु जगजाहीर असला म्हणजे चिनी लोक आजही सिमा चाओचें नांव घेतात. त्याच्या मनांतलें वाटसरूलाही ठाऊक, असा त्या म्हणीचा आशय आहे.

त्या दिवशीं सारे दरबारी घाबरून घरीं बसले असतां एक वृद्ध माणूस धांवत आला, आणि मेलेल्या राजाचें मस्तक मांडीवर घेऊन रडला. तो सिमा फू, सिमा यीचा सख्खा धाकटा भाऊ. घराणें सिंहासनावर बसलें तरी मी वेइ राजांचाच सेवक, असें तो मरेपर्यंत म्हणत राहिला.

इ. स. २६६ च्या आरंभीं चाओचा मुलगा सिमा येन यानें चिन घराण्याची स्थापना केली, आणि २८० मध्यें सारा चीन एकछत्री केला. पण लवकरच राजपुत्रांची आपसांत यादवी माजली. ३११ मध्यें लोयांग आणि ३१६ मध्यें छांगआन शत्रूच्या हातीं गेलें. उरलेलें राज्य दक्षिणेस, आजच्या नानकिंग येथें, ४२० पर्यंत टिकलें. आपल्या देशाची यात्रा करून गेलेला फाहियान परत जाऊन याच राज्यांत विसावला. या दक्षिणेच्या राजांपैकीं सिमा शाओ यानें एकदां आपल्या मंत्र्यास विचारलें कीं, आमच्या पूर्वजांनीं राज्य कसें मिळविलें? मंत्र्यानें सिमा यीच्या संहारापासून त्साओ माओच्या वधापर्यंत सारें सांगितलें. तें ऐकून राजानें मंचकावर तोंड लपविलें, आणि असें असेल तर आमचें राज्य फार काळ कसें टिकावें, असे उद्गार काढले. ही गोष्ट त्याच घराण्याच्या अधिकृत इतिहासांत नमूद आहे.

आतां दुसरा इतिहासकार. सिमा ग्वांग याचा जन्म इ. स. १०१९ चा. त्याचें कुळ आपला वंश कोणापर्यंत नेत असे? मृत राजासाठीं रडलेल्या त्या सिमा फूपर्यंत. लहानपणीं एक सवंगडी पाण्याच्या मोठ्या रांजणांत पडला असतां बाकीचीं मुलें पळालीं. ग्वांगनें मात्र दगड घालून रांजण फोडला आणि त्यास वाचविलें, ही गोष्ट चीनमध्यें घरोघर ठाऊक आहे. पुढें मंत्री वांग आन्शी याच्या नव्या सुधारणा त्यास पसंत पडल्या नाहींत. १०७१ मध्यें तो लोयांग येथें जाऊन राहिला, आणि सम्राटाच्या आज्ञेनें आधींच आरंभिलेल्या इतिहासग्रंथांत त्यानें स्वतःस गाडून घेतलें. एकूण १९ वर्षें खपून १०८४ मध्यें त्यानें २९४ भागांचा ग्रंथ सादर केला. इ. स. पूर्वीं ४०३ पासून इ. स. ९५९ पर्यंत १३६२ वर्षांचा वृत्तान्त त्यांत वर्षवार आहे. एकाच घटनेविषयीं निरनिराळे आधार काय सांगतात आणि आपण कोणता कां स्वीकारला, याचे ३० वेगळे भाग त्यानें लिहिले. डोळे मंदावले, दांत पडले, सारी शक्ति या ग्रंथांत खर्च झाली, असें त्यानें सम्राटास कळविलें.

या ग्रंथांत सिमा यीची शपथ, तिचा भंग आणि त्साओ माओचा वध हें सारें उघड लिहिलेलें आहे. आपल्याच वडिलधाऱ्यांचें पातक सौम्य करण्यास त्याला पुरेशी संधि होती. आठशें वर्षांपूर्वींच्या गोष्टीचा जाब विचारणार कोण होतें? पण त्यानें तें केलें नाहीं. त्याच्याविषयींही आपण तसेंच खरें बोललें पाहिजे. १०८५ मध्यें सत्ता हातीं येतांच त्यानें वांगच्या सुधारणा सरसकट रद्द करण्याचा सपाटा लावला. त्यांतील कांहीं राखाव्या, असें त्याचा स्नेही कवि सू षि सांगत असतांही त्यानें ऐकलें नाहीं. पुढच्याच वर्षीं तो वारला.

त्यानंतर पारडें फिरलें. विरुद्ध पक्ष सत्तेवर आला आणि राजद्रोही दुर्जनांच्या यादीचे शिलालेख उभारण्याचा हुकूम सुटला. त्या यादीच्या अग्रभागीं सिमा ग्वांगचें नांव. छांगआन येथें हें काम आन मिन नांवाच्या पाथरवटाकडे आलें. मी अडाणी माणूस, शिळेचा हेतु मला कळत नाहीं. पण ज्यास सारा देश सरळ म्हणतो त्यास दुर्जन म्हणून कोरण्यास माझा हात धजत नाहीं, असें तो म्हणाला. अधिकारी रागावले, शिक्षेची धमकी झाली. तेव्हां रडत रडत त्यानें एवढेंच मागितलें कीं, कोरणें भाग असेल तर कोरतों, पण शिळेच्या शेवटीं कारागीर म्हणून माझें नांव घालावयास लावूं नका. पुढच्या पिढ्यांचा मी अपराधी होईन.

११०६ मध्यें आकाशांत धूमकेतु दिसला, आणि भयभीत होऊन सम्राटानेंच ते लेख फोडविले. पुढें ११९८ मध्यें क्वेलीन येथें त्या यादींतल्या एकाच्या पणतवानें तीच यादी पुन्हां खडकावर कोरविली. आतां त्या यादींत पूर्वजाचें नांव असणें भूषणाचें ठरलें होतें. ती आजही तेथें आहे. आन मिनचें नांव कोणत्याही शिळेवर नको होतें. इतिहासकारांनीं तें सिमा ग्वांगच्या चरित्रांत लिहून ठेविलें.