खेळ पुस्तकात आले तेव्हा

भिवंडी तालुक्यात दिवाळीच्या मागेपुढे भाताची कापणी उरकते. मग पावसापर्यंत मोकळी राहिलेली खाचरं म्हणजे मुलांची हक्काची मैदानं. खाडीकाठच्या आगरी गावांत याच दिवसांत कबड्डी रंगते आणि तिला हुतुतू म्हणणारी जुनी माणसं बांधावर बसून डाव पाहतात.

या खेळाचे नियम त्यांच्या आजोबांच्या काळी सगळीकडे सारखे नव्हते. 'संजीवनी' प्रकारात समोरचा गडी मारला की आपला बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होई. 'गामिनी'त बाद झालेल्यानं अख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसायचं. 'अमर'मध्ये तर बाद होऊनही कुणी मैदान सोडत नसे, नुसते गुण मोजले जात. एका गावात संजीवनी आणि दुसऱ्यात गामिनी असेल, तर दोघांचा सामना लागल्यावर तंटा ठरलेलाच. आळीतल्या आळीत तोंडी करार पुरत होता. परगावचा संघ आला की कागद लागू लागला.

तो कागद पुण्या-बडोद्यात तयार झाला. डेक्कन जिमखान्यानं 1914 मध्ये खो-खोचे नियम बांधले. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानं 1923 मध्ये हुतुतूच्या अखिल भारतीय स्पर्धा भरवल्या, त्या सुधारलेल्या नियमांनिशी. पुढे त्याच बडोद्यात द. चिं. मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचं काम हाती घेतलं. पहिला खंड 1936 मध्ये निघाला आणि दहावा 1949 मध्ये. योगायोग असा की, 1936 मध्येच अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. धुळीतले खेळ एकाच वर्षी ग्रंथात आणि जगाच्या मैदानावर पोचले.

पण दहा खंडांचा कोश लहान मुलाच्या हाती कसा द्यायचा? त्याला चार पानांचं, चित्रांचं वाचन हवं. ते काम मासिकांनी केलं. 'बालभारती'चं 'किशोर' 1971 मध्ये सुरू झालं आणि त्याचे जुने अंक आता इंटरनेटवर मोफत वाचता येतात. प्राथमिक वर्गांसाठी 'बालभारती'नं 'खेळू, करू, शिकू' ही पाठ्यपुस्तकं काढली. शिकण्याआधी खेळणं येतं, हा क्रम फार बरोबर आहे.

मे महिन्यात भिवंडीत दुपारी बाहेर पाय ठेवणं कठीण. त्या वेळात सहा-सात वर्षांच्या मुलांना घरात चिंचोके नि सागरगोटे द्यावेत. चिंचोका फोडला की एक बाजू पांढरी, एक काळी. सोंगट्यांच्या खेळातलं दान असंच पडतं आणि मोजणीही आपसूक होते. थोड्या मोठ्यांनी एका खेळाचे नियम वाचावेत आणि मग घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावं, तुमच्याकडे हा कसा खेळत? या गावात ही विचारपूस विशेष फळेल. यंत्रमागांच्या या शहरात मराठीबरोबर उर्दू, हिंदी आणि तेलुगू बोलणारी घरं आहेत. लगोरीच्या ठिकऱ्या आणि विटी-दांडू दूरदूरच्या गावांत खेळले जातात, नियम मात्र बदलतात. ते फरक वहीत उतरवणारं मूल पुण्याच्या त्या नियमकर्त्यांचंच काम लहान प्रमाणात करत असतं. संध्याकाळी त्याच वहीवरून खेळून पाहावं. वाद झाला तर नियम खोडून नवा लिहावा.

अडचण जागेची आहे. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यात भातखाचरांवर गोदामं उभी राहिली. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद, खो-खोचं 27 मीटर लांब. एवढी मोकळी जागा मागांच्या मोहल्ल्यात कुठून आणायची? लगोरीला मात्र सात ठिकऱ्या, एक चेंडू आणि एक गल्ली पुरते. भिवंडीच्या मुलांसाठी खेळांची वही करायला घेतली, तर पहिलं पान लगोरीचं असावं.