आपली टोपी आणि परकी नजर

वर्धापनदिनाच्या अंकासाठी काहीतरी लिहून पाठवा, असा मुंबईहून निरोप आला. सिनेगॉगच्या इमारतीचा, हझान मंडळींचा आणि ट्रस्टींचा इतिहास लिहिणारे जाणते लोक आपल्या समाजात पुष्कळ आहेत. मी आयुष्यभर नर्सिंग केले. समोर आलेल्या माणसाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळायची सवय लागली, ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. तेव्हा भिंतींचा इतिहास इतरांवर सोडून आत बसलेल्यांच्या डोक्यांवर काय काय होते आणि ते बाहेर रस्त्यावर आल्यावर परक्या लोकांनी त्याचे काय केले, याबद्दल लिहावे असे ठरवले.

प्रथम धर्माची बाजू. पुरुषाने डोके झाकावे अशी आज्ञा तोरामध्ये स्पष्ट शब्दांत नाही. ती रूढी आहे. ताल्मूदमध्ये रब हुना यांच्याबद्दल असे आले आहे की ते उघड्या डोक्याने चार हातही चालत नसत, कारण परमेश्वराचे सान्निध्य आपल्या डोक्यावर आहे अशी त्यांची भावना होती. पुढे ही एका सत्पुरुषाची रीत सगळ्यांची झाली.

आता आपल्या कोकणाची बाजू पाहा. कुलाबा जिल्ह्यातल्या गावांतून आपले पूर्वज शनवार तेली म्हणून राहिले. त्या मुलखात कोणताच भला माणूस बोडक्या डोक्याने घराबाहेर पडत नसे. उघडे डोके म्हणजे घरात काहीतरी अशुभ घडले, अशीच समजूत. कुणबी असो, ब्राह्मण असो, मुसलमान असो, प्रत्येकाच्या डोक्यावर काहीतरी असायचेच, आणि त्याच्या आकारावरून जात, गाव, धंदा ओळखू येई. आपल्या लोकांनीही पागोटे बांधले. कानांवरच्या झुलपांकडे कोणी निरखून पाहिले तरच वेगळेपणा दिसे. म्हणजे रब हुनांची रीत आणि कोकणची रीत एकावर एक अशी बसली की आपण धर्म पाळतो आहोत हे शेजाऱ्याला कळतही नसे. भारतात यहुद्यांना कधी त्रास झाला नाही, असे आपण परदेशात अभिमानाने सांगतो आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. पण त्यात या पागोट्याचाही थोडा वाटा आहे, असे मला वाटते.

टोपीवरून माणूस ओळखण्याची आपल्या मुलखाची सवय फार जुनी. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात इंग्रज, फिरंगी, वलंदेज या सगळ्यांना मिळून एकच नाव आहे, टोपीकर. त्यांचा देश, धर्म, भाषा वेगवेगळी असली तरी डोक्यावर हॅट आहे ना, मग सगळे एकच. टोपी घालणे म्हणजे फसवणे हा अर्थ मराठीत कसा रुळला असेल, हे वाचकांनी आपापल्या अनुभवाने ठरवावे. (मुंबईच्या चाळीतल्या खोलीसाठी ज्यांनी ‘पगडी’ मोजली आहे, त्यांना तर टोपी आणि पगडी दोन्हींचा अर्थ सांगायला नको!)

मुंबईत आल्यावर आपल्या डोक्यांची एकजूट मोडली. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी शाआर हारहमीम बांधली तेव्हा फौजेतले आपले लोक पागोट्यांत होते. शंभर वर्षांनी त्याच वस्तीत कोणी पागोटे, कोणी गोंड्याची लाल तुर्की टोपी, कोणी काळी गोल टोपी, तर रेल्वे, कस्टम आणि पोस्टात नोकरी करणारे कोणी सोला हॅट घालत. घराघरांतल्या जुन्या लग्नाच्या फोटोंत हे सगळे एका रांगेत दिसतात. मुंबईच्या रस्त्यावर मात्र एवढी सरमिसळ चालण्यासारखी नव्हती, हे १९२१ साली कळले.

त्या वर्षी १७ नोव्हेंबरला इंग्लंडचे युवराज, प्रिन्स ऑफ वेल्स, अपोलो बंदरावर उतरले. काँग्रेसने स्वागतावर बहिष्कार पुकारला होता. परळला एल्फिन्स्टन मिलच्या आवारात गांधीजींच्या उपस्थितीत विलायती कापडाची होळी झाली. त्याच दिवशी स्वागताहून परतणाऱ्या लोकांवर जमाव तुटून पडला. ट्राम अडवल्या, दारूची दुकाने जाळली आणि ज्याच्या डोक्यावर विलायती टोपी दिसेल त्याची ती हिसकावून घेतली. पारशी, युरोपियन, अँग्लो-इंडियन, ख्रिस्ती यांना मार बसला. दुसऱ्या दिवशी पारडे फिरले. ज्यांना मार बसला होता त्यांच्यापैकी काही जण काठ्या घेऊन निघाले आणि खादीची टोपी दिसली की झोडपू लागले. एका दिवसात एकाच रस्त्यावर सुरक्षित टोपी कोणती, याचे उत्तर उलटे झाले. चार-पाच दिवसांच्या दंगलीत पन्नासांवर माणसे गेली. गांधीजींनी १९ तारखेला उपवास धरला, तो २२ ला सोडला. त्या दिवसांतल्या त्यांच्या लेखनात ज्यांची माफी मागितली पाहिजे, ज्यांचे रक्षण केले पाहिजे, अशा अल्पसंख्य लोकांत पारशी आणि ख्रिस्ती यांच्याबरोबर यहुद्यांचाही उल्लेख आहे. आपल्या समाजाने हा उल्लेख विसरू नये.

माझे आजोबा तेव्हा रेल्वेत नवीन कारकून होते. आजी सांगत असे की त्या आठवड्यापासून त्यांनी हॅट कापडी पिशवीत घालून न्यायला सुरुवात केली. रस्त्यावर काळी टोपी, कचेरीच्या दारात हॅट, संध्याकाळी पुन्हा काळी टोपी. त्या काळ्या टोपीला कोणी हात लावत नसे. ती मारवाड्याचीही असू शकते, मराठ्याचीही, बोहऱ्याच्या शेजारच्या दुकानदाराचीही. शनिवारी तीच टोपी घालून ते सिनेगॉगमध्ये जात. आजोबांना भित्रे म्हणावे का, यावर आमच्या घरी पुष्कळ वाद झाले. मी परिचारिका आहे. जखम होऊ नये म्हणून केलेल्या उपायाला मी भित्रेपणा म्हणत नाही.

टोपीवरून मारामारी फक्त गरीब, पारतंत्र्यातल्या देशात होते, असे कोणाला वाटेल. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९२२ मध्ये, आमच्या वेस्ट विंडसरपासून रेल्वेने तासाभरावर असलेल्या न्यू यॉर्क शहरात काय झाले ते ऐका. पुरुषांनी गवती हॅट उन्हाळ्यात घालावी आणि १५ सप्टेंबरनंतर घालू नये, असा तिथे अलिखित नियम होता. १३ तारखेलाच पोरांच्या टोळ्यांनी लोकांच्या गवती हॅट हिसकावून पायदळी तुडवायला सुरुवात केली. आधी कारखान्यातले कामगार सापडले, मग गोदी कामगार सापडले, त्यांनी उलट ठोसे दिले, आणि मॅनहॅटन ब्रिजवरची वाहतूक बंद पडली. टोकाला खिळे ठोकलेल्या काठ्या घेऊन पोरे फिरत होती. हे कित्येक दिवस चालले. इथे ना स्वराज्य, ना युवराज. केवळ तारीख चुकली म्हणून डोक्यावरचे काढून घेतले. अनोळखी माणसाच्या टोपीवर आपला हक्क आहे असे जमावाला का वाटते, हे मला अजून नीट उमगलेले नाही.

सरकारेही यात मागे नाहीत. तुर्कस्तानात केमाल पाशांनी १९२५ साली कायद्याने तुर्की टोपी बंद केली आणि पुरुषांनी हॅट घालावी असे फर्मावले. मुंबईत हॅट घातली म्हणून मार, तिथे तुर्की टोपी घातली म्हणून शिक्षा. १९३० साली सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला, तेव्हा गांधी टोपी घालून बाहेर पडणाऱ्याला शिपायांच्या मारापुढे उभे राहावे लागे.

मग स्वातंत्र्याच्या आगेमागे हळूहळू सगळ्यांनीच टोप्या काढल्या. शहरातले तरुण उघड्या डोक्याने कॉलेजात जाऊ लागले, त्यांचे बघून वडील माणसेही. अमेरिकेतही १९६० नंतर पुरुषांच्या हॅट दिसेनाशा झाल्या. आणि इथेच आपल्या गोष्टीला वळण लागले. सगळे डोके झाकत होते तेव्हा आपली टोपी कोणाला दिसली नाही. सगळ्यांनी डोकी उघडी केली आणि आपली दिसू लागली. तळहाताएवढी किप्पा, पण तीस हात लांबीच्या पागोट्यापेक्षा जास्त डोळ्यांत भरते!

बायकांचा पदर हा स्वतंत्र विषय आहे. पण मला स्वतःला एक टोपी मिळाली होती, तिच्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. मुंबईच्या एका सरकारी इस्पितळात डिप्लोमा करताना मेणबत्त्या लावून आमचा कॅपिंगचा समारंभ झाला. कांजी करून कडक केलेली ती पांढरी कॅप. आपल्या समाजातल्या किती मुलींनी ती घातली असेल! डॉ. जेरुशा झिराड कामा हॉस्पिटलच्या अधीक्षक झाल्या हे सर्वांना माहीत आहे, पण रात्रपाळीला वॉर्ड सांभाळणाऱ्या आपल्या मुली कोणाच्या पुस्तकात नाहीत. होस्टेलपासून वॉर्डापर्यंत एक रस्ता ओलांडावा लागे. तेवढ्या शंभर पावलांत अनोळखी माणसे ‘सिस्टर’ म्हणून थांबवत, औषधाची चिठ्ठी दाखवत, घरात न सांगितलेले दुखणे सांगत. माझे वय वीस. विश्वास त्या कॅपवर होता.

नव्वदीच्या दशकात इथे न्यू जर्सीत नोकरीला लागले तेव्हा अमेरिकन इस्पितळांतून कॅप गेलेली होती. ती कामात अडचणीची आहे, धुण्याचा ताप आहे, जंतू बाळगते, हे सगळे मला मान्य. पण कॅप गेली आणि माझ्या सावळ्या रंगाकडे बघून रुग्ण विचारू लागले, नर्स कधी येणार? एका बाईंनी मला केराची टोपली रिकामी करायला सांगितली. मी ती रिकामी केली, हात धुतले आणि मग त्यांचा रक्तदाब घेतला.

किप्पाचे इथले प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. सिमखा गोल्डमन हे अमेरिकन हवाई दलात कॅप्टन, हुद्द्याने मानसोपचार विभागातले मानसशास्त्रज्ञ आणि स्वतः रब्बाय. कॅलिफोर्नियातल्या हवाई तळाच्या इस्पितळात ते किप्पा घालून काम करत. बाहेर पडले की तिच्यावर हवाई दलाची टोपी चढवत. कित्येक वर्षे कोणी काही बोलले नाही. १९८१ साली एका लष्करी खटल्यात त्यांनी बचाव पक्षातर्फे साक्ष दिली आणि मग विरुद्ध पक्षाच्या वकिलाला किप्पा दिसली! १९८६ साली पाच विरुद्ध चार मतांनी निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. पुढच्याच वर्षी काँग्रेसने कायदा करून साधे, नीटनेटके धार्मिक वस्त्र गणवेशाबरोबर घालायला परवानगी दिली.

आपल्या भारतीय माणसांना मात्र दुसरीच भीती ठाऊक आहे. ११ सप्टेंबर २००१ नंतर चौथ्या दिवशी ॲरिझोनातल्या मेसा गावी बलबीर सिंग सोधी यांना त्यांच्या पेट्रोल पंपाबाहेर गोळी घातली गेली. मारणाऱ्याने फक्त पगडी पाहिली होती. मुंबईत नोव्हेंबर २००८ मध्ये नरिमन हाउसवर हल्ला झाला. त्यानंतर सिनेगॉगांबाहेर पोलीस बसू लागले, आणि आमच्या नात्यातले काही जण प्रार्थना संपली की पायरी उतरण्याआधी किप्पा खिशात घालू लागले.

आम्ही राहतो ते वेस्ट विंडसर शांत गाव आहे. परक्या जीवांना घाबरण्याबद्दल त्याची एक गंमतीची कीर्ती आहे: १९३८ साली ऑर्सन वेल्स यांच्या रेडिओ नाटकात मंगळावरचे प्राणी इथल्याच ग्रोव्हर्स मिलला उतरले होते आणि ऐकणाऱ्यांपैकी काहींना ते खरेच वाटले होते. आता इथे भारतीय इतके आहेत की बागेत मराठी कानावर पडते. तरी किप्पा घातलेला सावळा माणूस दिसला की लोक गोंधळतात. अमेरिकन यहुदी आपुलकीने विचारतात, धर्म कधी स्वीकारलात? आपल्याकडच्या आजीबाई विचारतात, तुम्ही मुसलमान का हो? इस्राएलमध्ये राहणारे आमचे नातेवाईक हसतात. तिथे विणलेली किप्पा कोणाची आणि काळी मखमली कोणाची, हे शेंबड्या पोरालाही कळते आणि त्यावरून मतेही ओळखतात.

माझा मुलगा न्यू यॉर्कला नोकरीला जातो. ऑक्टोबर २०२३ पासून तो गाडीत चढताना किप्पावर बेसबॉलची टोपी घालतो. आजोबांची पिशवी आणि ही टोपी यांत मला फरक दिसत नाही. त्याच्या चौदा वर्षांच्या मुलाला मात्र ते पटत नाही. उघड घालायची, नाहीतर घालायचीच नाही, असे त्याचे म्हणणे. जेवणाच्या टेबलावर आवाज चढतात. सून म्हणते, मुलाला काही झाले तर? या प्रश्नावर माझ्याकडेही औषध नाही.

गेल्या हनुक्काच्या सुट्टीत नातवाने कपाटातून पणजोबांच्या वडिलांची ती काळी टोपी शोधून काढली. आतले अस्तर उसवले होते, ते मी शिवून दिले. ती घालून तो माझ्याबरोबर प्रिन्स्टन जंक्शनच्या फलाटावर उभा राहिला. चार-दोन लोकांनी वळून पाहिले. शेजारच्या बाकावर मुलाकडे आलेले एक म्हातारे गृहस्थ बसले होते, स्वेटरवर कोट आणि वर मफलर. ते उठून जवळ आले, टोपीकडे बघत राहिले आणि मराठीत म्हणाले, ‘‘बाळ, अशी टोपी आमच्या वडिलांची होती. कोणत्या गावचे तुम्ही?’’

‘‘रेवदंडा,’’ नातू म्हणाला. त्याला मराठीतली जेमतेम पन्नास वाक्ये येतात, त्यांतले हे एक.

‘‘म्हणजे अलिबागकडचे! आम्ही पेणचे,’’ असे म्हणून त्यांनी आपली पिशवी दोघांच्या मध्ये ठेवली आणि गाडी येईपर्यंत तिथेच बसून राहिले.