डिजिटल व्हिडिओ आणि स्वतंत्र सामाजिक माहितीपट : ‘जय भीम कॉम्रेड’च्या संदर्भात

स्वतंत्र माहितीपटाच्या वाटचालीत डिजिटल व्हिडिओ कॅमेऱ्याचे महत्त्व सांगताना त्याच्या स्वस्ताईचा उल्लेख हमखास केला जातो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. या कॅमेऱ्याने निर्मात्याला पैशाहूनही अधिक काळाची मोकळीक दिली, असे महाराष्ट्रातील अनुभवावरून दिसून येते.

१९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनमुळे माहितीपट म्हणजे मुख्य चित्रपटापूर्वी दाखवला जाणारा सरकारी पट, ही समजूत दीर्घकाळ रूढ होती. त्या चौकटीबाहेर काम करणाऱ्याची अडचण कच्च्या फिल्मपासूनच सुरू होई. १६ मिमीच्या ४०० फुटी रिळात जेमतेम ११ मिनिटांचे चित्रण मावे. ध्वनिमुद्रणासाठी वेगळे यंत्र व वेगळा माणूस लागे. रीळ प्रयोगशाळेतून धुऊन येईपर्यंत हाती काय लागले ते कळत नसे. १९७४ च्या बिहार आंदोलनाचे काही चित्रण आनंद पटवर्धन यांनी घरगुती वापराच्या सुपर ८ फिल्मवर केले आणि ते पडद्यावर टाकून पुन्हा १६ मिमीवर उतरवले. सभेत वा झोपडीत बोलणाऱ्या माणसाचे बोलणे लांबले की निर्मात्याचे लक्ष त्याच्या चेहऱ्यावरून उरलेल्या फिल्मकडे जाणे अपरिहार्य होते.

१९९५ मध्ये डीव्ही पद्धतीचे कॅमेरे बाजारात आले. तळहाताएवढीही नसलेली फीत तासभर चाले, ध्वनी तिच्यावरच नोंदला जाई, आणि एका केबलद्वारे चित्रण दर्जा न गमावता संगणकात उतरवता येई. संपादनासाठी भाड्याच्या स्टुडिओतील तास मोजण्याची गरजही पुढील काही वर्षांत उरली नाही.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. पटवर्धनांच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’मध्ये घोगरे गायले होते. या दोन घटनांतून सुरू झालेला ‘जय भीम कॉम्रेड’ २०११ मध्ये पूर्ण झाला. चित्रणाची चौदा वर्षे आणि सुमारे तीन तास वीस मिनिटांची लांबी, हे प्रमाण १६ मिमीच्या हिशेबात स्वतंत्र निर्मात्याला परवडणारे नव्हते. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. सत्र न्यायालयाने संबंधित पोलीस उपनिरीक्षकास दोषी ठरवले ते २००९ मध्ये. मधल्या काळात २००६ चे खैरलांजी घडले, पुण्यात कबीर कला मंचाची तरुण पिढी गाऊ लागली. पहिल्याच वर्षी चित्रपट आटोपला असता, तर तो एका गोळीबाराचा वृत्तांत झाला असता. थांबता आल्यामुळेच त्यात शाहिरी परंपरेचा आणि दलित राजकारणाच्या बदलत्या वाटांचा इतिहास आला.

चित्रण सोपे झाले तरी प्रदर्शन सोपे झाले नाही. सार्वजनिक प्रदर्शनाला १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार प्रमाणपत्र आवश्यकच राहिले. मुंबई आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवाने भारतीय प्रवेशिकांवर या प्रमाणपत्राची अट घातली, तेव्हा निर्मात्यांनी एकत्र येऊन विरोध केला. अट मागे घेतली गेली, परंतु अनेक बोचरे चित्रपट निवडीतच गळले. तेव्हा फेब्रुवारी २००४ मध्ये प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव भरला. त्याच वर्षी राकेश शर्मा यांच्या गुजरात दंगलीवरील ‘फायनल सोल्यूशन’ला प्रमाणपत्र नाकारण्यात आले. निर्मात्यानेच प्रती काढून वाटण्याचे आवाहन केले. ऑक्टोबरात चित्रपट संमत झाला. फिल्मच्या जमान्यात प्रत काढणे हीच खर्चिक बाब होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या आवाहनाचे नवेपण कळते.

इतिहासाच्या अभ्यासकापुढे मात्र एक वेगळीच अडचण उभी राहते. थंड व कोरड्या जागी जपलेली फिल्म अनेक दशके टिकते. चुंबकीय फीत त्या मानाने अल्पायुषी असते, आणि ती वाचणारी यंत्रेही आता दुर्मिळ होत आहेत. मुक्त हाताने चित्रण झाल्यामुळे अंतिम चित्रपटात न आलेले साहित्य कितीतरी पटींनी अधिक असते. ते बहुधा निर्मात्यांच्या घरातील कपाटांत, सूचीविना पडून असते. वस्तीतील एखाद्या स्त्रीचे एकच वाक्य चित्रपटात येते. त्याआधी आणि त्यानंतर ती काय बोलली, हे केवळ त्या फितींवर आहे.