पुन्हा रुजलेली प्लीहा

मराठी घरांत जिला पाणथरी म्हणतात, ती प्लीहा डाव्या बरगड्यांच्या आड, जठराला लागून असते. आयुर्वेदाने यकृताच्या जोडीने तिला रक्तवाही स्रोतसांचे मूळ मानले. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलन मात्र तिला गूढाने भरलेले इंद्रिय म्हणून मोकळा झाला. हे गूढ पुढे अनेक शतके टिकले. आणि ज्याचे काम कळत नाही त्याची गरजही नसावी, असा मनुष्यस्वभावाला साजेसा निष्कर्ष शस्त्रवैद्यांनीही काढला.

त्याला सबळ कारणही होते. प्लीहा रक्ताने ओथंबलेली आणि ठिसूळ असते. आघाताने ती फाटली की रक्तस्राव आवरणे कठीण. हिवतापाने वाढलेली प्लीहा तर किरकोळ मारानेही फुटते. हिंदुस्थानातील ब्रिटिश अमदानीत हे वैद्यकीय सत्य न्यायालयांत फार सोयीचे ठरले. नोकराला मारहाण करून त्याच्या मृत्यूस कारण झालेले गोरे साहेब, प्लीहा आधीच वाढलेली होती या सबबीवर नाममात्र शिक्षेने सुटत. आग्र्याच्या फुलर नामक वकिलाला आपल्या मोतद्दाराच्या मृत्यूबद्दल अवघा ३० रुपये दंड झाला, तेव्हा १८७६ साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांना त्यावर कडक ताशेरे झाडावे लागले.

१८६७ साली पॅरिसमध्ये पेआं याने एका तरुणीची रोगग्रस्त प्लीहा काढली आणि ती वाचली. १९११ साली स्वित्झर्लंडच्या कोखरने फाटलेली प्लीहा काढूनच टाकावी, त्यापासून काही अपाय होत नाही, असा निर्वाळा दिला. कोखर नोबेल पारितोषिकाचा मानकरी. त्याच्या शब्दाला केवढे वजन! १९१९ साली मॉरिस आणि बुलक यांनी प्लीहा काढलेले उंदीर संसर्गाला अधिक बळी पडतात हे दाखविले, पण उंदरांची साक्ष कोणी फारशी मनावर घेतली नाही. अखेर १९५२ साली अमेरिकेतील किंग व शूमाकर यांनी पाच अर्भकांची हकीकत प्रसिद्ध केली. रक्तविकारासाठी त्यांच्या प्लीहा काढल्या होत्या. पुढे त्यांना भयंकर जंतुसंसर्ग झाला आणि दोघे दगावली. सकाळी साधा ताप आणि दुसऱ्या दिवशी मृत्यू, असा हा प्रकार असू शकतो.

मात्र एक कोडे उरले. अपघातामुळे प्लीहा गमावलेल्यांना हा धोका रक्तविकाराच्या रोग्यांहून बराच कमी का? मूळ रोगाचा अभाव हे एक कारण उघडच होते. दुसरे येल विद्यापीठाच्या हॉवर्ड पिअर्सन व सहकाऱ्यांनी १९७८ साली सुचविले. तांबड्या रक्तपेशींत साचणाऱ्या सूक्ष्म पोकळ्या निरोगी प्लीहा काढून टाकते; प्लीहा नसेल तर विशिष्ट सूक्ष्मदर्शकाखाली त्या खळग्यांसारख्या दिसतात. अपघातानंतर प्लीहा काढलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिकांच्या रक्तात हे खळगे अपेक्षेहून पुष्कळ कमी आढळले. म्हणजे कोणीतरी ही सफाई करीतच होते! प्लीहा फाटताना तिचे कण उदरात विखुरले, तेथेच रुजले आणि वाढले. असे गोळे शवविच्छेदनात पूर्वीही दिसले होते, १९३९ साली त्यांना ‘स्प्लिनोसिस’ हे नावही मिळाले होते. पण ते काम करतात, हे आता उमगले.

मग निसर्ग जे अपघाताने करतो ते हेतुपूर्वक का करू नये? काढलेल्या प्लीहेच्या पातळ चकत्या करून त्या आतड्यांवरील मेदयुक्त पडद्यात, म्हणजे वपेत, बसविण्याची पद्धत रूढ होऊ लागली. चकती स्वतःचीच असल्याने शरीर ती नाकारत नाही. प्रथम तिचा बहुतेक भाग मरतो, काठाशी थोड्या पेशी तगतात, नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि काही आठवड्यांत त्या काठापासून नवी ऊती आत वाढू लागते. वर्षांनंतरही ती जिवंत असल्याचे किरणोत्सर्गी चाचणीत दिसते. रक्तपेशींची सफाईही काही प्रमाणात परत येते.

परंतु सफाई म्हणजे संरक्षण नव्हे. न्यूमोकोकस जंतू शर्करेचे कवच पांघरून असतो. त्याला अडविण्यासाठी मूळ प्लीहेत मोठ्या रोहिणीचे भरपूर रक्त येऊन संथपणे झिरपते. रोपित गोळ्याला चिमुकल्या वाहिन्यांवर भागवावे लागते. उदरात असे गोळे असूनही रोगी न्यूमोकोकसने दगावल्याची नोंद १९८० सालीच झाली. त्यामुळे रोपण झाले तरी लसी टोचाव्याच लागतात आणि ताप आल्यास विलंब चालत नाही.

याहून सरस उपाय, प्लीहा काढूच नये, हा होता. १९६८ साली टोरांटो येथील मुलांच्या अनुभवावरून पुरुषोत्तम उपाध्याय आणि सिम्प्सन यांनी दाखविले की फाटलेली प्लीहा पुष्कळदा आपोआप सांधते. हे उपाध्याय पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत बालशल्यचिकित्सेचे प्रमुख होते. आता रक्तदाब स्थिर असेल तर रोग्याला निजवून, लक्ष ठेवून बरे करतात.

जुन्या अपघातग्रस्तांच्या उदरातील गोळे मात्र अजून वैद्यांना चकवतात. वीस-तीस वर्षांनी एखाद्या तपासणीत ते दिसले की कर्करोगाची शंका येते. उष्णतेने जीर्ण केलेल्या तांबड्या पेशींना किरणोत्सर्गी खूण करून त्या शिरेतून सोडल्या आणि त्या नेमक्या त्याच गोळ्यांत जाऊन अडकल्या, म्हणजे ती प्लीहाच ठरते, आणि शस्त्रक्रिया टळते.