अवटुन्यूनता आणि अनपेक्षित गर्भधारणा

गळ्याच्या पुढच्या भागात असलेली अवटू ग्रंथी, म्हणजेच थायरॉइड, शरीराला लागते तेवढे संप्रेरक तयार करीनाशी झाली की त्या स्थितीला अवटुन्यूनता म्हणतात. घरगुती बोलण्यात ‘तिला थायरॉइड आहे’ एवढेच म्हटले जाते. अशा स्त्रीला ध्यानीमनी नसताना दिवस गेले तर शरीरात काय घडते, पहिल्या आठवड्यांत काय करावे लागते आणि कोणत्या भीतीला आधार नाही, हा या नोंदीचा विषय आहे. प्रश्न थोड्यांचा नाही. भारतात आठ ठिकाणी केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रौढांपैकी सुमारे ११ टक्के लोकांना अवटुन्यूनता असल्याचे दिसले. त्या आठांत मुंबई आणि गोवा होते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा विकार कितीतरी जास्त आढळतो, आणि पुष्कळदा तो ऐन प्रजननाच्या वयात सुरू होतो.

कारणे : सर्वाधिक आढळणारे कारण हाशिमोटो आजार. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते आणि ग्रंथी हळूहळू निकामी होते. जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये त्याचे वर्णन केले. काही स्त्रियांची ग्रंथी शस्त्रक्रियेने काढलेली असते, तर काहींची अतिक्रियाशील ग्रंथी किरणोत्सारी आयोडीन देऊन निष्क्रिय केलेली असते. आयोडीनची कमतरता हे भारतातील एके काळचे मोठे कारण होते. १९५६ पासून कांगडा खोऱ्यात व्ही. रामलिंगस्वामी यांनी केलेल्या अभ्यासाने आयोडीनयुक्त मिठाची उपयुक्तता दाखवून दिली आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. दिवस गेल्यावर आपले कारण कोणते हे डॉक्टरांना सांगणे महत्त्वाचे असते. ज्यांची ग्रंथीच उरलेली नाही त्यांना थायरॉइड संप्रेरकाच्या रोजच्या गोळीची वाढ जास्त लागते. ज्यांना पूर्वी ग्रंथी अतिक्रियाशील करणारा ग्रेव्ह्ज आजार होता, त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे वारेतून बाळापर्यंत पोहोचू शकतात. आज त्यांची ग्रंथी मंद असली तरी ती प्रतिपिंडे मोजून घ्यावी लागतात.

गर्भधारणा अनपेक्षित का ठरते : उपचार न घेतलेल्या अवटुन्यूनतेत बीजमोचन अनियमित होते, पाळी लांबते, कधी अंगावरून जास्त जाते. ‘थायरॉइड आहे, मूल राहायला वेळ लागेल’ हे वाक्य अशा स्त्रीने अनेकांकडून ऐकलेले असते. ते ऐकून काही जोडपी गर्भनिरोधनच सोडून देतात. गोळी सुरू झाली, टीएसएच (ग्रंथी मंद पडली की रक्तात वाढणारे, तिला चालना देणारे संप्रेरक) ताळ्यावर आला की बीजमोचन पुन्हा होऊ लागते. पाळीचे वेळापत्रक बसण्याआधीही ते होऊ शकते. दिवस जाण्याची शक्यता वाढलेली असते आणि घरात तसा विचारही कोणाच्या मनात नसतो.

दुसरी अडचण ओळखण्याची आहे. थकवा, दिवसा येणारी झोप, बद्धकोष्ठता, वाढणारे वजन, उगाच भरून येणारे मन ही लक्षणे मंद थायरॉइडची आहेत, तशीच सुरुवातीच्या गरोदरपणाचीही आहेत. पाळी आधीच अनियमित असल्याने ती चुकल्याचे नवल वाटत नाही. ‘थायरॉइड वाढला असेल’ असे म्हणत आठवडे निघून जातात, आणि नेमके तेच आठवडे मोलाचे असतात. म्हणून थायरॉइडची गोळी चालू असलेल्या, लैंगिक संबंध असलेल्या स्त्रीने पाळी नेहमीच्या अंदाजापेक्षा आठवडाभर लांबली की लघवीची तपासणी करून घ्यावी. या तपासणीच्या निकालावर अवटुन्यूनतेचा परिणाम होत नाही. औषधाच्या दुकानात तिची पट्टी मिळते, आणि सरकारी आरोग्यव्यवस्थेत आशा कार्यकर्तीकडे ‘निश्चय’ किट असते.

पहिले आठवडे : गर्भाची स्वतःची अवटू ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमारास आयोडीन साठवू लागते, पण पुरेसे संप्रेरक तयार करायला तिला अठरा ते वीस आठवडे लागतात. तोवर बाळाच्या मेंदूची जडणघडण आईच्या रक्तातून येणाऱ्या थायरॉक्सिन या अवटू संप्रेरकावर अवलंबून असते. आईच्या शरीरातही मोठा बदल झालेला असतो. इस्ट्रोजेन वाढल्याने रक्तात थायरॉक्सिनला बांधून ठेवणारे प्रथिन वाढते, वार थायरॉक्सिनचा काही भाग निष्क्रिय करते, रक्ताचे आकारमानही वाढत जाते. निरोगी स्त्रीची ग्रंथी ही वाढीव मागणी भागवते. एचसीजी या गर्भारपणातील संप्रेरकामुळे तिला आणखी चालना मिळते. मंद किंवा काढून टाकलेली ग्रंथी ते करू शकत नाही. पाळी चुकण्याआधी पुरत असलेली मात्रा अशा स्त्रीला आता अपुरी पडते.

ही गरज किती लवकर वाढते हे अमेरिकेतील एरिक अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांच्या २००४ मधील अभ्यासाने स्पष्ट झाले. गर्भारपणाच्या पाचव्या आठवड्यापासूनच जास्त थायरॉक्सिन लागू लागले. पूर्वार्धात गरज सरासरी ४७ टक्क्यांनी वाढली आणि सोळाव्या आठवड्याच्या आसपास स्थिरावली. पाचवा आठवडा म्हणजे पाळी चुकून जेमतेम आठवडा. नाव नोंदवायला, पहिल्या भेटीची वेळ मिळायला, रक्ताचा अहवाल हाती यायला त्याहून अधिक दिवस जातात. यातून निघालेला उपाय अगदी साधा आहे आणि अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत तो आहे. गर्भधारणा कळताच रोजच्या गोळीखेरीज आठवड्यात त्याच ताकदीच्या दोन गोळ्या अधिक घ्यायच्या, म्हणजे सातऐवजी नऊ, आणि लगेच डॉक्टरांना कळवून टीएसएच तपासायचा. मात्रा साधारण २० ते ३० टक्के वाढवणे हा त्याचा हेतू. सर्वांत चांगले म्हणजे ‘दिवस राहिले तर काय करू?’ हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून, उत्तर फाइलवर लिहून घेणे. ते झालेले नसेल तर त्याच दिवशी फोन करावा, पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट पाहू नये. हृदयविकार असलेल्या किंवा थायरॉइडच्या कर्करोगानंतर मुद्दाम जास्त मात्रा घेत असलेल्या स्त्रीने मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय गोळी वाढवू नये.

याच्या अगदी उलट जे घडते ते सर्वांत घातक. दिवस गेल्याचे कळताच ‘आता कुठलंही औषध नको’ म्हणून गोळी बंद केली जाते, कधी स्वतःहून, कधी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून. लेव्होथायरॉक्सिन हे ग्रंथीच तयार करते त्याच संप्रेरकाचे कारखान्यात बनवलेले रूप आहे. योग्य मात्रेत घेतल्यास त्याने गर्भाला व्यंग येत नाही. ते बंद केल्याने मात्र गर्भपात, रक्तदाब वाढणे, अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि कमी वजनाचे बाळ यांचा धोका वाढतो. ‘थायरॉइडवरचा काढा’ किंवा जनावरांच्या ग्रंथीपासून बनवलेल्या गोळ्या हा त्याला पर्याय नव्हे. गर्भाच्या मेंदूला आईच्या रक्तातील थायरॉक्सिनच लागते.

उशीर झाला तर : अनपेक्षित गर्भधारणेत पुष्कळ स्त्रियांना दोन-तीन महिन्यांनी कळते आणि मग ‘माझ्यामुळे बाळाचं नुकसान झालं’ हा विचार पाठ सोडत नाही. इथे आकडे नीट वाचले पाहिजेत. १९९९ मध्ये जेम्स हॅडो आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ज्या मातांच्या अवटुन्यूनतेवर गर्भारपणात उपचारच झाले नव्हते, त्यांच्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी सात गुणांनी कमी होता. ती तुलना संपूर्ण गर्भारपण उपचाराविना गेलेल्या मातांची होती. टीएसएच किंचित वाढलेल्या स्त्रियांना गोळी देऊन आणि न देऊन केलेल्या दोन मोठ्या चाचण्यांत, २०१२ आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुलांच्या बुद्ध्यंकात फरक दिसला नाही. यावरून गोळीची हयगय करावी असा अर्थ निघत नाही. मात्र अहवालात चार-पाच आकडा दिसला म्हणून बाळ मंदबुद्धी होईल हे म्हणणे निराधार आहे, आणि त्या भीतीपोटी गर्भपाताचा सल्ला देणे चुकीचे आहे. उशिरा कळले तरी त्या दिवसापासून मात्रा दुरुस्त करण्याचा उपयोग असतोच.

गोळी आणि घर : गोळी पहाटे किंवा सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा, कॉफी, दूध, नाश्ता अर्ध्या ते एका तासाने. गरोदरपणात यात नवा गुंता येतो. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोह-फॉलिक आम्लाच्या लाल गोळ्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉक्सिनला आतड्यातच अडवतात. सर्व गोळ्या ‘एकदाच उरकून’ घेणाऱ्या स्त्रीचा टीएसएच त्यामुळे चढत जातो आणि कोणालाच कारण सापडत नाही. थायरॉइडच्या गोळीनंतर किमान चार तास लोह आणि कॅल्शियम घेऊ नये. लोह दुपारी जेवणानंतर, कॅल्शियम संध्याकाळी, असा क्रम बहुतेक घरांत जमतो. सकाळच्या मळमळीमुळे गोळी पोटात ठरत नसेल तर रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना ती घेता येते. उपवासाच्या दिवशीही गोळी चुकवू नये. गरोदर स्त्रीने हरतालिकेचा निर्जळी उपवास करणे एकूणच योग्य नाही.

उपवासाचे सैंधव अलीकडे रोजच्या स्वयंपाकातही आले आहे. त्यात पुरेसे आयोडीन नसते. गरोदर स्त्रीला रोज २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते असे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण आहे, आणि ते मिळवण्याचा साधा मार्ग आयोडीनयुक्त मीठ हाच आहे. कोबी, फ्लॉवर शिजवून नेहमीच्या प्रमाणात खायला हरकत नाही. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्या मात्र काही प्रयोगशाळांतील टीएसएचचा आकडा चुकवू शकतात, म्हणून तपासणीआधी दोन-तीन दिवस त्या थांबवाव्यात.

या विकाराला आपल्याकडे आणखी एक काच आहे. लग्न ठरताना मुलीचा थायरॉइड लपवला जातो आणि मग गोळीची बाटली सासरी कपड्यांच्या घडीत राहते. लपूनछपून घेतलेली गोळी चुकते, वेळेवर घेता येत नाही, वाढवायची असेल तर अधिकच अवघड होते. घरात सांगणे न सांगणे तिच्या हाती असो, पण नाव नोंदवणाऱ्या परिचारिकेला आणि डॉक्टरांना ते सांगितलेच पाहिजे. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली डॉक्टरांकडून गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते.

निर्णय : अनपेक्षित म्हणजे नकोशी असे नाही, आणि हवीशीच असेही नाही. नियंत्रणात असलेली अवटुन्यूनता हे स्वतःहून गर्भपाताचे वैद्यकीय कारण ठरत नाही. ज्या स्त्रीला इतर कारणांनी गर्भ ठेवायचा नाही, तिच्यासाठी १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते, आणि ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोघांचे मत लागते. गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याचे कारण आता विवाहित स्त्रीपुरते मर्यादित नाही. प्रौढ स्त्रीची स्वतःची संमती पुरते, पतीची सही कायद्याने लागत नाही, आणि तिची ओळख गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. गर्भपात केला किंवा आपोआप झाला, तर वाढवलेली मात्रा पूर्ववत करून सुमारे सहा आठवड्यांनी टीएसएच तपासावा लागतो. ही गोष्ट त्या गडबडीत हमखास राहून जाते.

मनाची बाजू औषधाइतकीच खरी आहे. मंद थायरॉइड स्वतःच मन खिन्न करतो. त्यात न ठरवलेले गरोदरपण, नोकरी, पैसा, आधीचे लहान मूल. रडू आवरत नसेल, झोप उडाली असेल तर ‘हार्मोन्समुळे होतंय’ म्हणून ते सोडून देऊ नये. टेलिमानस या सरकारी मनोआरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येते.

पुढचे महिने आणि प्रसूतीनंतर : विसाव्या आठवड्याच्या आसपासपर्यंत दर चार आठवड्यांनी आणि पुढे तिसाव्या आठवड्याच्या सुमारास एकदा टीएसएच मोजतात. तो २.५ च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न असतो. मात्रा योग्य असेल तर केवळ थायरॉइडमुळे सिझेरियन करावे लागत नाही.

बाळंतपणानंतर मात्रा लगेच गर्भधारणेपूर्वीच्या पातळीवर आणतात आणि सहा आठवड्यांनी तपासणी करतात. अंगावर पाजताना गोळी सुरक्षित आहे. बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन होणारी टीएसएच तपासणी आईला थायरॉइड असो वा नसो, प्रत्येक बाळाची व्हावी. ग्रंथीविरोधी प्रतिपिंडे असलेल्या स्त्रियांत पहिल्या वर्षात ग्रंथीला सूज येऊन गोळीची गरज पुन्हा बदलू शकते, तेव्हा थकवा फक्त जागरणांचा आहे असे गृहीत धरू नये. पुढच्या गर्भनिरोधनाचा विचार रुग्णालयातून घरी जाण्यापूर्वीच करता येतो. तांबी, ‘अंतरा’ इंजेक्शन आणि ‘छाया’ गोळ्या सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या नंतर कधी सुरू केल्या, तर थायरॉक्सिनची मात्रा पुन्हा तपासून घ्यावी लागते.