टीव्हीमागच्या डब्याची किल्ली

मोठ्या टीव्हीला जोडायला छोटा कॉम्प्युटर कोणता घ्यावा, असं औशातले मित्र मला अधूनमधून विचारतात. बोलणं बहुतेक वेळा रॅम किती आणि प्रोसेसर कोणता इथून सुरू होतं. पण या डब्याचा गेल्या तीसेक वर्षांचा इतिहास पाहिला तर वेग हा दुय्यम मुद्दा निघतो. डब्याची किल्ली कुणाच्या हातात आहे, यावरच सगळं ठरत आलंय.

सुरुवात १९९३ पासून करू. आमच्या तालुक्यात हे साल एकाच गोष्टीसाठी ओळखलं जातं: ३० सप्टेंबरच्या पहाटे झालेला किल्लारीचा भूकंप. किल्लारी औसा तालुक्यातलंच. घरातली मोठी माणसं अजून 'भूकंपाच्या आधी' आणि 'भूकंपानंतर' असा काळ मोजतात. त्याच वर्षी तिकडे फिलिप्स, सोनी, जेव्हीसी आणि मात्सुशिता या कंपन्यांनी व्हिडिओ सीडीचं प्रमाण ठरवलं. साध्या सीडीवर ७४ मिनिटांचा व्हिडिओ, ३५२ बाय २८८ पिक्सेलचा. म्हणून पिक्चर दोन-तीन सीड्यांवर यायचा आणि ऐन रंगात आला की उठून सीडी बदलावी लागायची.

डीव्हीडी १९९६ साली जपानात आली. आपल्याकडे मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षं व्हीसीडी टिकली, कारण प्लेअर स्वस्त होता. २००७ मध्ये मोझर बेअर या भारतीय कंपनीनं व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. म्हणजे रस्त्यावरच्या चोरट्या सीडीशी टक्कर देईल अशा किमतीत अधिकृत पिक्चर.

आमच्या घरी त्या काळातली एक पेटी आहे. तिच्यात मराठी पिक्चरच्या सीड्या आहेत, आणि एक काकांच्या लग्नाची. शूटिंग व्हीएचएस कॅसेटवर झालं होतं, पुढे फोटो स्टुडिओवाल्यानं ते सीडीवर करून दिलं. त्यात आजोबा फेटा बांधून पंगतीत फिरतात, लोकांना आग्रह करकरून वाढायला लावतात. त्यांचा आवाज घरात तेवढाच शिल्लक आहे. मोझर बेअर २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली, पण तिच्या सीड्या आमच्याकडे अजून चालतात. त्यासाठी कुणाला विचारावं लागत नाही.

कॉम्प्युटर टीव्हीपाशी आला तो २००० नंतर. मायक्रोसॉफ्टनं २००२ मध्ये विंडोज एक्सपीची रिमोटवर चालणारी 'मीडिया सेंटर' आवृत्ती काढली. त्याच सुमाराला काही हौशी प्रोग्रामरांनी मायक्रोसॉफ्टच्याच एक्सबॉक्स या गेमच्या डब्याचं कुलूप तोडलं. आत ७३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि ६४ एमबी मेमरी. तेवढ्यावर पिक्चर दाखवणारा प्रोग्राम त्यांनी लिहिला. तोच पुढे 'एक्सबॉक्स मीडिया सेंटर' झाला. मायक्रोसॉफ्टनं आपलं मीडिया सेंटर २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर बंद केलं. हौशी लोकांचा प्रोग्राम 'कोडी' या नावानं आजही चालू आहे. त्याचा सोर्स कोड खुला आहे, त्यामुळे तो बंद करू शकेल असा एकच एक मालक नाही.

छोटा कॉम्प्युटर खऱ्या अर्थानं खिशाला परवडायला लागला २९ फेब्रुवारी २०१२ पासून. केंब्रिजहून आलेला रास्पबेरी पाय, किंमत ३५ डॉलर, आकार एटीएम कार्डाएवढा. मुलांनी प्रोग्रामिंग शिकावं म्हणून तो काढला होता. पण त्याच्या चिपमध्ये एच.२६४ व्हिडिओ उलगडणारं वेगळं सर्किट होतं, त्यामुळे प्रोसेसर दुबळा असूनही १०८०पी पिक्चर सुरळीत चालायचा. मराठवाड्यात याचा आणखी एक फायदा. लाइट गेली की घर इन्व्हर्टरवर चालतं. तिथे शंभर वॅटचा डेस्कटॉप बॅटरी खाऊन टाकतो, पाच वॅटच्या आतला पाय चालून जातो. शिवाय पंखा नसल्यानं तो उन्हाळ्यातली धूळ आत ओढत नाही.

पण डीव्हीडीची फाइल लावली की हाच पाय अडखळायचा. डीव्हीडीतला व्हिडिओ एमपेग-२ चा. तो उलगडण्याची सोय चिपमध्ये होती, पण कुलूपबंद, कारण तिच्या पेटंटची फी ३५ डॉलरमध्ये धरलेली नव्हती. ऑगस्ट २०१२ पासून सुमारे अडीच पौंडांत किल्ली मिळू लागली. किल्ली म्हणजे आकड्या-अक्षरांची एक ओळ, जी त्या एकाच बोर्डाच्या सिरियल नंबरला लागू पडायची. बोर्ड तुमचा, वीजबिल तुमचं, तरी एक कप्पा बंद. अमेरिकेतलं एमपेग-२ चं शेवटचं पेटंट फेब्रुवारी २०१८ मध्ये संपलं.

त्यानंतरच्या एचईव्हीसी या पद्धतीच्या फीचा गुंता इतका वाढला, की गूगल, नेटफ्लिक्स, ॲमेझॉन, इंटेल वगैरे कंपन्यांनी २०१५ मध्ये एकत्र येऊन फी नसलेली पद्धत बनवायला घेतली. ती एव्ही१, २०१८ मध्ये आली.

आजचं कुलूप मात्र पेटंटचं नाही. ते वाइडवाइन नावाचं आहे. ही कंपनी गूगलनं २०१० मध्ये विकत घेतली. तिची सर्वांत वरची पायरी, एल१, अशाच यंत्राला मिळते ज्यात व्हिडिओ उलगडण्याचं काम हार्डवेअरच्या बंदिस्त भागात होतं. लिनक्सवरच्या साध्या कॉम्प्युटरला एल३ मिळते. परिणाम असा, की टीव्हीच्या मागे खोचलेली स्वस्त स्टिक फोर-के दाखवते आणि तिच्याहून कितीतरी पट ताकदीच्या मिनी पीसीला त्याच सबस्क्रिप्शनवर कमी दर्जाचं चित्र मिळतं.

म्हणून मी मित्रांना आधी विचारतो, बघणार काय? फक्त ओटीटी असेल तर स्टिक घ्या, कॉम्प्युटरवर पैसे घालू नका. पण ती स्टिक कंपनी अपडेट देईल तोवरच तुमची, हे लक्षात ठेवा. स्वतःच्या फाइल असतील तर २०२३ मध्ये आलेल्या इंटेल एन१०० चिपचा मिनी पीसी घ्या. ती चिप ६ वॅटची आहे आणि एव्ही१ हार्डवेअरमध्येच उलगडते. त्याच वर्षीच्या रास्पबेरी पाय ५ मध्ये ती सोय नाही आणि एच.२६४ चं जुनं सर्किटही काढून टाकलंय, पण आता प्रोसेसरच ते काम सहज करतो. दोन्हींवर कोडी चालतं. आमच्या घरी मी दोन्ही ठेवलेत: ओटीटीसाठी स्टिक आणि पेटीसाठी मिनी पीसी.

मात्र डबा कोणताही घ्या, त्याआधी एक काम करा. सीडीवरचा थर काळानुसार खराब होतो आणि नवीन लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह येत नाही. यूएसबीचा ड्राइव्ह आणा, घरातल्या सीड्या फाइलमध्ये उतरवून घ्या आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. एक सीडी ७०० एमबीच्या आसपास भरते, तुमच्या फोनमध्येही मावेल. पिक्चर पुन्हा कुठेतरी सापडेल. लग्नाच्या सीडीतले आजोबा कुठल्याच ॲपवर नसतात.